रिफर्बिश्ड लॅपटॉपचा लॉट घ्यावा का? (मिक्सरमध्ये हात पोळून झालेत)

मांजराकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहितोय. घरची सहा एकर, सोयाबीन आणि तूर. भावाचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गेल्या दिवाळीनंतर डोक्यात किडा वळवळला, की गिऱ्हाइकांनी ऑनलाइन कंपन्यांकडं परत केलेला माल घाऊक घ्यायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा ऑनलाइनच विकायचा. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिला लॉट मिक्सरचा. ६० नग, ९०० रुपयांनी ५४,०००. ट्रान्सपोर्ट ३,८००. टेम्पो आला त्या रात्री सगळं घर गोळा झालं होतं, लग्नातला आहेर उघडायला बसावं तसं. तिसऱ्याच खोक्यातल्या जारचं झाकण काढलं तर आत कुणाची तरी लसणाची चटणी वाळून दगड झालेली. आई म्हणाली, "ह्यांनी तर वापरून दिलंय की रे." पुढचे खोके उघडायला कुणी थांबलं नाही.

हिशोब असा. ३१ चालू निघाले. १४ दुरुस्त झाले (कुणाचा कपलर झिजलेला, कुणाचे कार्बन ब्रश संपलेले). १५ ची वाइंडिंग जळालेली, हुंगलं तरी कळत होतं. ऑनलाइन ४५ गेले, त्यातले ७ परत आले. ३८ नगांचे कमिशन-कुरिअर जाऊन १,२४० प्रमाणं ४७,१२० हातात पडले. परत आलेले ७ आठवडी बाजारात ८०० ला काढले, ते ५,६००. जळके १५ भंगारात १,६५०. एकूण ५४,३७०.

खर्च: माल आणि भाडं ५७,८००, दुरुस्ती २,२४०, परतीचं कुरिअर १,२६०, खोके-टेप १,७१०. बेरीज ६३,०१०. म्हणजे ८,६४० घरातून गेले. आणि तीन महिने मी रोज रात्री अकरापर्यंत जार घासत बसलो त्याची मजुरी शून्य.

आता दिल्लीचा एक व्यापारी ५० लॅपटॉपचा लॉट द्यायलाय. म्हणतो कंपन्यांचा भाडेपट्ट्यावरून उतरलेला माल आहे, इंटेलच्या प्रोसेसरची आठवी जनरेशन, बहुतेक लेनोवोचे थिंकपॅड टी४८०, थोडे डेलचे लॅटिट्यूड. यादीत मालाच्या अवस्थेप्रमाणं ए ग्रेड २२, बी १८, सी १०. सरसकट ११,५०० नग, म्हणजे ५,७५,०००. अर्धे आधी. परवापर्यंत कळवा म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मेहुणा तीन लाख घालायला तयार आहे. लातूरला क्लासेसची पोरं ढीगभर, लॅपटॉप खपतील असं वाटतं. घ्यावं का?

पैठणगेट

परवापर्यंत कळवा म्हणणाऱ्याला आजच नाही कळवा.

रिकामटेकडा

चटणीचे पैसे वेगळे लावले का? 😀

कापूसकोंड्या

मी परभणीचा. चार वर्षं हाच धंदा करतो. आधी मोबाइलचं सामान, मग लॅपटॉप, आता दोन्ही कमी करत आणलंय. धागाकर्ते, तुमचा मिक्सरचा हिशोब वाचून बरं वाटलं, कारण लोक इथं फक्त विक्रीचे आकडे टाकतात.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. पहिल्या वेचणीचा कापूस कसा असतो आणि फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांचा) कसा, हे तुम्हाला सांगायला नको. कंपनीतून लॅपटॉप निघतात तेव्हा पहिली बोली मोठे लावतात. ते आपल्या दुकानासाठी चांगलं वेचून घेतात. उरलेलं दिल्ली-मुंबईचा घाऊकवाला घेतो. तोही वेचतो. मग जे उरतं त्याची यादी होते, त्यावर ए-बी-सी चढतं आणि व्हॉट्सअपवरून ते आपल्या जिल्ह्यात येतं. आपण तिसरे नाहीतर चौथे. म्हणून लॉट हातात आला की आधी विचारायचं, आपल्या आधी किती जणांनी वेचलंय? त्याचं उत्तर भावापेक्षा महत्त्वाचं.

ग्रेड म्हणजे काय, हे ज्यानं लावलं त्यालाच माहीत. एकाची बी दुसऱ्याची ए असते. मोंढ्यात निदान आर्द्रता मोजायला मशीन तरी असतं.

तुमचे ५० आकड्यात बसवून बघू. माझे भाव धरतो, तुमच्याकडं थोडं वरखाली असेल. ए २२ नग १८,५०० ने ४,०७,०००. बी १८ नग १६,००० ने २,८८,०००. सी १० नग स्पेअरला ३,००० ने ३०,०००. एकूण ७,२५,०००. आता खर्च: माल ५,७५,०००, भाडं ९,०००. लॉटमध्ये चार्जर क्वचितच असतात, ४० चार्जर ६०० ने २४,०००. बी ग्रेडला बॅटरी-कीबोर्ड-पॅनेल मिळून सरासरी २,५०० म्हणजे ४५,०००. झाले ६,५३,०००. राहिले ७२,०००. ऑनलाइन विकले तर कमिशन, कुरिअर, पॅकिंग मिळून नगामागं दीड हजार, ४० नगांचे ६०,०००. हातात १२,०००.

आणि ह्यात मी एकही रिटर्न धरलेला नाही, यादी खरी आहे असं धरलंय, आणि सरकारचा वाटा दिलेला नाही.

लॉटचा भाव सगळ्यात वाईट नगावरून ठरवायचा. डागी सोयाबीन मिसळलं की आडत्या सगळ्या पोत्यांचा भाव पाडतो ना, तसं आपण आडत्या व्हायचं. विकताना सगळेच हुशार असतात.

दुधनाकाठी

+१ फरदडीला.

सरकारी हर्राशीचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी, १९६४ पासूनची. तिच्या संकेतस्थळावर सरकारी खात्यांचा आणि कंपन्यांचा भंगार-जादा माल ई-लिलावाला निघतो. नोंदणी करायची, बयाणा भरायचा, बोली लावायची. अट एकच आणि ती नीट वाचायची: माल जसा आहे, जिथे आहे. ठरलेल्या दिवसांत उचलला नाही तर जागाभाडं सुरू. पाहणीची तारीख दिलेली असते, तेव्हा जायचंच. फोटो बघून बैल घेतो का आपण?

मी एका कार्यालयाचे ७० छताचे पंखे घेतले होते. मोटारी ठणठणीत. पण पाती काढून एका कोपऱ्यात रचलेली. पंख्याची तीन पाती वजन जुळवून एका संचात येतात. सरमिसळ झाली की पंखा डुलतो. १९ पंख्यांची पाती जुळवता जुळवता दोन महिने गेले. पाहणीला गेलो होतो बरं का, पण मोटारीच बघत बसलो.

सोल्डरताई

छत्रपती संभाजीनगरात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे माझं. दादा, पैसे द्यायच्या आधी एवढं बघा. व्हिडिओ कॉलवर नको, हातात घेऊन.

टी४७० आणि टी४८० बाहेरून जुळे भाऊ. लॉटमध्ये हमखास मिसळतात, तळाचं कव्हर बदलून. सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) शिरा आणि प्रोसेसरचं नाव वाचा. आय५-७३००यू दिसलं तर सातवी जनरेशन, ८२५०यू किंवा ८३५०यू दिसलं तर आठवी. फरक मोठा आहे. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासूनच अधिकृत चालतं, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून सहावी-सातवीची मशीन कंपन्यांनी खोऱ्यानं बाहेर काढलीत. तीच सध्या "एकदम स्वस्त लॉट" म्हणून फिरायलीत.

बायोसला सुपरवायझर पासवर्ड असेल तर ते मशीन यादीतून काटा. काढून देतो म्हणणारे भेटतात, पण मग बोर्डावरची चिप काढण्यापर्यंत जातं. पुढचं कुणी बघतच नाही: नवं विंडोज टाकताना इंटरनेट जोडा. मशीन जुन्या कंपनीच्या व्यवस्थापनात नोंदलेलं राहिलं असेल तर स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथला ईमेल मागतं. ऑफलाइन टाकलं तर कळत नाही. तुम्ही विकता, गिऱ्हाईक सहा महिन्यांनी विंडोज नव्यानं टाकतं, आणि मग तुमच्या नावानं शिव्या.

बॅटरी. टी४८० ला दोन असतात, एक आत २४ वॉट-तासाची, एक मागं निघणारी. बाहेरची बदललेली दाखवतात, आतली मेलेली असते. powercfg /batteryreport ही कमांड द्या, दोन्हींची मूळ क्षमता आणि आताची क्षमता लिहून येते. आताची निम्म्याच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कापा. टचपॅड दाबला जात नसेल किंवा वर आल्यासारखा वाटत असेल तर खाली बॅटरी फुगलीय, ते मशीन चार्जिंगला लावूही नका.

टाइप-सी पोर्टात चार्जर घालून हलवून बघा. टी४८० साठी ह्याच पोर्टाच्या थंडरबोल्ट चिपचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट आलेलं आहे, ते ज्यांनी टाकलं नाही त्यांची पोर्टं जातात. स्क्रीन पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी करून बघा. पांढऱ्यावर दाबाचे डाग दिसतात, काळ्यावर कडेनं गळणारा उजेड. बिजागरी: झाकण एका हातानं उघडून सोडा, पडलं तर ढिली.

एका मशीनला मला बारा-पंधरा मिनिटं लागतात. ५० ला किती ते तुम्हीच काढा. तेवढा वेळ तो व्यापारी देत नसेल तर उत्तर मिळालंच.

अवांतर: हार्डडिस्क आधी पूर्ण पुसा. एका लॉटमध्ये मला आख्ख्या ऑफिसचं पगारपत्रक सापडलं होतं. शिपायाचा पगार वाचून रात्री झोप आली नाही.

मांजराकाठ

ताई, मी वहीत लिहून घेतलं सगळं. व्यापाऱ्याला विचारलं, गोडाऊनला येऊन बघू का. म्हणाला सील केलेला लॉट आहे, उघडून दाखवत नाही, विश्वासावर चालतं.

पैठणगेट

झालं मग.

माझा मोबाइलचा धंदा, म्हणून एक सांगून ठेवतो, उद्या तुम्ही मोबाइलच्या लॉटकडं वळाल. प्रत्येक नगाचा आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) बिलावर हवा. *#०६# दाबून फोनवरचा बघायचा, मग केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून तो १५ अंकी नंबर १४४२२ ला एसएमएस करायचा. सरकारच्या संचारसाथी पोर्टलवरही बघता येतं. चोरीचा फोन ब्लॉक असेल तर तिथं कळतं. बिल नसेल तर चोरीचा माल बाळगला म्हणून भारतीय न्याय संहितेचं ३१७ कलम आपल्याच गळ्यात पडतं, आणि पोलीस दुकानात येऊन बसले की शेजारचा दुकानदारसुद्धा ओळख दाखवत नाही.

बिंदुसरा

फेसबुकवर "४,९९९ मध्ये गोडाऊन क्लिअरन्स पॅलेट" अशी जाहिरात येते ती कुणी घेतलीय का? बीडला पोचवतात म्हणे.

कापूसकोंड्या

@बिंदुसरा, नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत केलात तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता राहते.

बिंदुसरा

गेले नाहीत. मेव्हणीचे गेलेत. सांगतो तिला.

हिशेबनीस

कराचं थोडक्यात, कारण सगळे ह्यातच फसतात. मी सीए आहे, पण तुमचा सीए नाही. कागद बघितल्याशिवाय अंतिम काही समजू नका.

वापरलेला माल घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकत असाल आणि खरेदीवरच्या जीएसटीची वजावट घेतली नसेल, तर सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) नियम ३२(५) प्रमाणं कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर. १२,००० ला घेतला, १६,००० ला विकला, तर ४,००० वर. दुरुस्तीचे हजार रुपये त्या फरकातून वजा होत नाहीत, हे लोकांना पचत नाही. तोट्यात विकला तर त्या नगावर कर शून्य. मात्र सीलबंद, न वापरलेला जादा माल हा "वापरलेला माल" नव्हे. त्याला नेहमीचाच जीएसटी. लॉट मिश्र असेल तर दोन वह्या ठेवा.

नोंदणी: ऑनलाइन विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून सक्ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या, मर्यादेखालच्या (आपल्याकडं मालासाठी ४० लाख) छोट्या विक्रेत्यांना सवलत आहे, पण नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि राज्याबाहेर एकही नग पाठवता येत नाही. नोंदणी असेल तर ऑनलाइन कंपनी विक्रीवर अर्धा टक्का टीसीएस (तुमच्या पैशातून आधीच कापून सरकारला भरायचा कर) कापते (१० जुलै २०२४ च्या आधी तो एक टक्का होता). तो परत मिळतो, फक्त विवरणपत्रात स्वीकारायला विसरू नका. परराज्यातून ५० हजारांवर माल आणताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं.

आणि धागाकर्ते, ते १५ जळके मिक्सर भंगारात घातलेत ना? २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दुरुस्त करून विकणाऱ्यानंही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं नोंदणी करायची असते आणि मेलेला माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडं द्यायचा असतो. आता झालं ते झालं, पुढच्या वेळी पावती घ्या.

खुर्चीवाला_वाळूज

सगळे लॅपटॉप-मोबाइलच्या मागं आहेत म्हणून मी खुर्च्या घेतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांची ऑफिसं बदलतात, तेव्हा खुर्च्या, टेबलं, प्लॅस्टिक क्रेट निघतात. गॅसलिफ्ट (खुर्ची वर-खाली करणारा दांडा) बदलायची, चाकं बदलायची, जाळी धुवायची, बास. कुठला पासवर्ड नाही.

पहिल्या वर्षी ऑनलाइन टाकून बघितल्या. खुर्ची १४ किलोची. खोका ६५ बाय ६५ बाय ३५ सेंटीमीटर. कुरिअरवाला गुणाकार करून ५,००० नं भागतो, आलं साडेएकोणतीस किलो! भाडं त्याचं घेतो. नफा कुरिअरनं खाल्ला. तेव्हापासून फोटो ऑनलाइन टाकतो, माल टेम्पोनं देतो. गिऱ्हाईक कोण, सांगू? अभ्यासिका. लातूर, नांदेड, संभाजीनगर. एकाच वेळी ४०-६० खुर्च्या, परत करायचा प्रश्न नाही, कारण मालक स्वतः येऊन बसून बघतो.

लातूरच्या माणसानं लॅपटॉप कोलकात्याला कशाला पाठवायचा, हे मला कळत नाही. गिऱ्हाईक दारात आहे.

मांजराकाठ

खरंय. मी ऑनलाइन म्हणजे देशभर असंच धरून बसलो होतो.

सोल्डरताई

आणि कुरिअरनं पाठवायचाच झाला तर पॅक करताना सलग व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर दिसेल असा, आणि तळाच्या स्क्रूवर फाटणारं स्टिकर लावा. मला ८ जीबी रॅमचा नग ४ जीबी होऊन परत आलाय. सुटी बॅटरी कुरिअरला देऊच नका, विमानानं जाणाऱ्या पार्सलात घेत नाहीत.

मांजराकाठ (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, तुरीची गडबड होती.

दिल्लीवाल्याला नाही म्हणालो. त्यानंतर तीनदा फोन आला, दर वेळी भाव उतरला, शेवटी ९,८०० वर आला. तेव्हा जास्तच भीती वाटली. मेहुणा मात्र अजून म्हणायलाय, घ्यायला पाहिजे होतं.

मग उदगीर-बिदरमार्गे हैदराबाद गाठलं. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जुन्या लॅपटॉपची दुकानं बरीच आहेत. एका दुकानदारानं बसून बघू दिलं, चहा पण पाजला. ताईंची वही समोर उघडून ठेवली. पहिल्या मशीनला चाळीस मिनिटं लागली, नंतर हात बसला. संध्याकाळपर्यंत २६ बघितले. सगळे "आठवी" म्हणून रचलेले. त्यातले ६ सातवीचे निघाले, ३ ला बायोस पासवर्ड, ५ बॅटरी-स्क्रीनमुळं सोडले. एकावर इंटरनेट जोडताच पुण्यातल्या कुठल्या तरी कंपनीचं नाव आलं! दुकानदारही बघत राहिला. म्हणाला, भैया ये आप को किस ने सिखाया.

११ घेतले, चार्जरसकट १३,८०० ने, म्हणजे १,५१,८००. प्रवास-खाणं २,६००, दोन मशीनला बॅटऱ्या ४,४००. बिल प्रत्येक सिरीयल नंबरचं, ई-वे बिल त्यानंच काढून दिलं. नगामागं दिल्लीपेक्षा २,३०० महाग पडले, पण सी ग्रेड एकही नाही.

फोटो ऑनलाइन टाकले, फक्त लातूर जिल्ह्यासाठी. दुकानात या, तासभर वापरून बघा, मग पैसे द्या. १७,५०० ने ८ गेले. परत एक आला, कीबोर्डचं एक बटण अडकत होतं म्हणून. ते भावानं बसल्या जागी करून दिलं. उरलेले तीन त्याच किमतीला गेले तर सगळं जाऊन ३३,७०० सुटतील, हिशेबनीस साहेबांच्या फरकावरचा कर दिल्यावर २७ हजारांच्या आसपास. मिक्सरचं नुकसान भरून निघेल आणि वर थोडं राहील.

रेणापूरचे एक गृहस्थ लेकीला घेऊन आले होते. त्यांनी एक-एक बटण दाबून बघितलं, सगळी, न बोलता. लेक म्हणाली, काका, दोन्ही बॅटऱ्यांचा रिपोर्ट दाखवा. मी म्हटलं बाई, तुला कसं माहीत? तर ती हा धागा वाचून आली होती.

सोल्डरताई

🙏 त्या लेकीला माझ्या दुकानात कामाला पाठवा.

खुर्चीवाला_वाळूज

बसायला खुर्ची मी देतो.

हिशेबनीस

चेनॉयवाल्यानं बिल कसं दिलंय ते बघा. कर वेगळा दाखवला असेल आणि तुम्ही त्याची वजावट घेतली, तर फरकाची सवलत गेली. दोन्ही मिळत नाही.

मांजराकाठ

कर वेगळा दाखवलेला नाही. वजावट घेतलेली नाही.

बिंदुसरा

तीन राहिलेत म्हणालात ना? एक पुतणीसाठी ठेवा, रविवारी बीडहून येतो. आतल्या बॅटरीचा रिपोर्ट तेवढा आधी टाका.